न वटलेली माणसं

आमच्या भाच्याने बी. कॉम. झाल्यावर आणखी दोन वर्षं आणि ताईच्या दोन पाटल्या खर्चून मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदवी मिळवली, तेव्हा घरात पेढे आले. पेढा तोंडात टाकून मी विचारलं, "आता नक्की काय करणार?"

"लोकांना नोकऱ्या देणार, मामा."

ज्याला स्वतःला नोकरी नाही त्याने दुसऱ्यांना ती वाटायला निघावं, हे औदार्य थेट कर्णाच्या घराण्यातलं. पण कर्णाकडे निदान देण्यासारखी कवचकुंडलं तरी होती!

खरं म्हणजे हा धंदा जन्मला तो कामगाराची बाजू बघायला. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणं सक्तीचं केलं. म्हणजे कल्याण अधिकारी. नाव जुनाट, पण त्यात कल्याण तरी होतं. पुढे त्याचा पर्सोनेल ऑफिसर झाला आणि मग एच.आर. म्हणजे ह्यूमन रिसोर्स. कोळसा, मँगनीज, बॉक्साइट आणि त्याच रांगेत आमचा गणपुले! सरकारनेसुद्धा १९८५ साली शिक्षण खात्याला मानव संसाधनाचं बारसं घातलं होतं, पण २०२० मध्ये त्याला पश्चात्ताप होऊन पुन्हा साधं शिक्षण खातं केलं. सरकारला पस्तीस वर्षांनी सुचतं ते कंपन्यांना कधी सुचणार?

असो. सात महिने चपला झिजवल्यावर भाच्याला पुण्यात, दुसऱ्या कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एका कचेरीत नोकरी लागली. काम काय, तर दिवसभर फोन. सध्या पगार किती, अपेक्षा किती, नोटिस पीरियड किती? पूर्वी मुलीकडच्यांनी स्थळाची चौकशी केली तरी निदान स्वभाव कसा आहे हे विचारत. एकदा तो 'जावा' येणारी माणसं शोधत होता. मी विचारलं, "जावा म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "एक स्किल आहे." अर्जात तो शब्द सापडला की माणूस पुढे, नाही तर कचऱ्यात. आमच्या लेखी जावा एक तर मोटारसायकल, नाही तर एका चुलीवर नांदणाऱ्या दोघी. आणि त्या जमवून घेणं हे स्किल आहेच म्हणा!

कमिशनचा हिशेब मात्र त्याला चोख येतो. उमेदवार रुजू झाला की त्याच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, कंपनीकडून भाच्याच्या कचेरीला. नव्वद दिवसांत तो सोडून गेला तर दुसरा फुकट. मिक्सरची गॅरंटी याहून बरी असते. यातली खोच बघा. पैसे कंपनी देते आणि तेही निवडलेल्या एका माणसाचे. उरलेले चाळीस कुणाचेच गिऱ्हाईक नसतात, मग त्यांना 'नाही' सांगायला फोन कोण करणार?

हे मला कळलं भाऊबीजेला. भाचा पाटावर बसलेला, त्याची बहीण ओवाळतेय आणि त्याचा फोन माझ्या हातात थरथरतोय. सहाव्यांदा वाजला तेव्हा मी विचारलं, "कोण रे?"

"कँडिडेट आहे. रिजेक्ट झालाय. घेऊ नका."

"मग सांग ना त्याला."

"असं सांगत नसतात, मामा."

सातव्यांदा मी घेतला. पलीकडे एक पोरगा. "सर, तीन राउंड झाले, बावीस दिवस झाले. माझं काय झालं?" भाचा पाटावरून डोळे वटारत होता, पण निरांजनासमोरून उठतो कसा! मी म्हटलं, "बाळा, तुझं झालं नाही."

थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग तो म्हणाला, "सांगलीला एक नोकरी मिळत होती, सर. शुक्रवारपर्यंत होकार द्यायचा होता. मी तुमच्या फोनसाठी थांबलो." आणि वर, "सांगितलंत, बरं झालं. थँक्यू." नकाराबद्दल माझे आभार आजवर कुणी मानले नव्हते. काय कमी पडलं, हे त्याने विचारलं. मला ठाऊक नव्हतं. भाच्यालाही नव्हतं.

आता माझा प्रश्न. मी बँकेत चेक परत करणारा माणूस आहे. पाचशे रुपयांचा का असेना, चेक परत जाताना त्याला मेमो लागतो. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, आकडी व अक्षरी रकमेत फरक. काहीतरी एक कारण द्यावंच लागतं. चेक वटवा नाही तर परत करा. मधल्यामध्ये दाबून ठेवलात तर ग्राहकाला व्याज भरून द्या. एका कागदाच्या कपट्याचा हा मान! आणि चोवीस वर्षांचं हाडामांसाचं पोर तुम्ही बावीस दिवस टेबलाखाली दाबून ठेवता, त्याचं व्याज कुणाच्या खात्यातून काढायचं? सरकारी परीक्षांना आपण नावं ठेवतो. पण तिथे निदान यादी लागते. नाव नाही म्हणजे नाही, माणूस रडून घेतो आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज भरतो.

भाचा म्हणाला, "मामा, उमेदवारही तेच करतात. ऑफर घेतात आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद." खरं आहे. पण हे त्यांना शिकवलं कुणी? मी विचारलं, "सगळ्यांना एकदम नाही कळवायची सोय नाही का?"

"आहे ना. एक बटण आहे."

"मग?"

"पहिला आला नाही तर दुसरा लागतो. नाही कळवलं की तो हातचा जातो."

करंजी माझ्या घशात अडकली. मग मी बोलायला लागलो ते ताईने पाणी आणून देईपर्यंत.

परवा रात्री ताईचा फोन. "त्याने ते बटण दाबलं म्हणे. सोमवारी साहेबांनी बोलावलंय." मी तिला सांगून ठेवलंय, काढलंच तर कारण लेखी मागून घ्यायला सांग.