गल्ल्यावर मागितलेला मोबाइल क्रमांक

औषधाची एक पट्टी घ्या किंवा मुलाचे बूट, पैसे चुकते करण्यापूर्वी गल्ल्यावरून एक प्रश्न हमखास येतो : मोबाइल नंबर? मागे रांग उभी असते, ग्राहक दहा आकडे सांगून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवसापासून सवलतींचे संदेश येऊ लागतात. क्रमांकाची अशी सक्ती ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये उद्योग-व्यापार संघटनांना सूचना पाठवून बजावले होते. गल्ल्यावरचा प्रश्न मात्र थांबला नाही.

आता सूचनेच्या पाठीशी कायदा उभा राहत आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. त्यानंतर न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल, २०१९चे विधेयक, संयुक्त संसदीय समिती आणि २०२२ मध्ये ते विधेयकच मागे घेणे, अशी वळणे घेत डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य बंधनांसाठी त्यात आणखी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. म्हणजे मे २०२७. राजधानीत या कायद्यावर जी चर्चा झाली, ती माहिती अधिकार कायद्यातील दुरुस्तीची आणि सरकारने स्वतःसाठी राखलेल्या सवलतींची. ती व्हायलाच हवी होती. परंतु हा कायदा जसा गुगलला लागू आहे तसाच करोलबागेतील साडीच्या दुकानालाही आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

गंमत म्हणजे, कायद्याने स्वतःच दुकानाचे उदाहरण दिले आहे. सातव्या कलमाखालील दाखल्यात एक स्त्री औषधाच्या दुकानात खरेदी करते, स्वेच्छेने आपला क्रमांक देते आणि पैसे मिळाल्याची पोच त्यावर पाठवा, असे सांगते. दुकानदाराला तो क्रमांक पोच पाठवण्यासाठी वापरता येतो. तेवढ्यासाठीच. पुढच्या आठवड्यात त्याच क्रमांकावर मधुमेह तपासणी शिबिराची जाहिरात धाडायची, तर वेगळी संमती हवी. तीही मुक्त, विशिष्ट, विनाअट आणि ग्राहकाच्या स्पष्ट कृतीतून दिलेली. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले वाक्य या कसोटीला उतरेल, असे वाटत नाही. सोडतीच्या पेटीत टाकलेले कार्ड हीसुद्धा सोडतीपुरतीच संमती मानली पाहिजे. दलालाकडून विकत घेतलेल्या आयत्या याद्यांविषयी तर बोलायलाच नको.

यात लहान व्यावसायिक भरडला जाईल, अशी ओरड होईल. ती अर्धीच खरी आहे. मोठ्या कंपनीला ग्राहकाचा चेहराही ठाऊक नसतो. लहान दुकानदार त्याच्याशी समोरासमोर बोलत असतो आणि विचारणे त्याला सर्वांत सोपे आहे. ग्रामविकास मंत्रालयाच्या सरस मेळ्यांसाठी महाराष्ट्रातील बचत गटांच्या महिला मसाले, पापड, चटण्या घेऊन राजधानी परिसरात येतात. मेळा संपला की गिऱ्हाईक तुटते. ते टिकवायचे तर मोबाइल क्रमांक हाच धागा. अशा वेळी गाळ्यावर एक वही ठेवावी. वर मराठी-हिंदीत ठळक लिहावे : नवा माल आल्यावर कळवण्यासाठी नाव व क्रमांक घेत आहोत, नको झाल्यास 'बंद' एवढेच कळवा, नाव काढले जाईल, तक्रार असल्यास विदा संरक्षण मंडळाकडे करता येते. ज्याला हवे तो स्वतःच्या हाताने लिहील. निव्वळ कागदावरची वही कायद्याच्या कक्षेत येत नाही. तो क्रमांक फोनमध्ये भरला की येतो. संमती घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने व्यावसायिकावर टाकली आहे. ग्राहकाच्या हस्ताक्षरातील ओळीइतका स्वस्त पुरावा दुसरा कोणता? जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, घरचा पत्ता हे पापड विकण्यासाठी लागत नाही, ते विचारूच नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर सर्व ग्राहकांचा एकच गट करण्याची सवयही सोडलेली बरी. त्यात एकाचा क्रमांक बाकीच्या सर्वांना दिसतो. ब्रॉडकास्ट यादीत तसे होत नाही. शिवाय ज्याने दुकानाचा क्रमांक जपून ठेवला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. एसएमएसची वाट वेगळी आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रेषकाचे नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. साध्या दहा आकडी क्रमांकावरून जाहिरातींचा सपाटा लावला आणि ग्राहकांनी १९०९वर तक्रारी केल्या, तर तो क्रमांकच बंद होऊ शकतो.

खरी अडचण पुढेच आहे. दुकानदाराचा फोन हरवला आणि त्यातील यादी इतरांच्या हाती पडली, तर तो विदाभंग ठरू शकतो. मग प्रत्येक ग्राहकाला विनाविलंब कळवायचे आणि मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये! मंडळ चुकीचे गांभीर्य व स्वरूप पाहूनच दंड ठरवील, हे खरे. पण हा आकडा दाखवून घाबरवणाऱ्या सल्लागारांचा धंदा तोवर जोरात चालेल.

१७व्या कलमाने केंद्र सरकारला काही वर्गांना सूट देण्याचा अधिकार दिला आहे. त्यात स्टार्ट-अपचा नावाने उल्लेख आहे. किराणा दुकानाचा नाही, बचत गटाचा नाही. आणि सूट कशातून, तर ग्राहकाला सूचना देण्यातून, काम झाल्यावर माहिती पुसण्यातून! जे लहानातल्या लहान माणसाला विनाखर्च जमते, त्यातूनच त्याला मोकळे करायचे आणि वर्षभर संगणकीय नोंदी जपण्याची तांत्रिक अट मात्र कायम ठेवायची, हे तर्कशास्त्र उफराटे आहे. सूट द्यायचीच तर या तांत्रिक अटींत द्यावी. त्यासाठी नियमांत दुरुस्ती करावी लागेल आणि ती इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या हाती आहे.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. ग्राहकाला ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, असे कायदा सांगतो. मग त्या २२ भाषांतील एकपानी नमुना सरकारनेच का काढू नये? महाराष्ट्रात तो 'उमेद' अभियानामार्फत बचत गटांपर्यंत आणि जिल्हा उद्योग केंद्रांमार्फत लहान उद्योजकांपर्यंत पोहोचवता येईल.