कर्नाळा बँक : सही करणाऱ्यांची जबाबदारी

प्रतिनिधी, पनवेल

येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) टाच आणलेल्या सुमारे ३८६ कोटी रुपयांच्या मालमत्ता जुलै २०२५ मध्ये ठेवीदारांची देणी भागविण्यासाठी मोकळ्या करण्यात आल्या. गुन्हा दाखल झाल्यापासून पाच वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर आलेली ही बातमी दिलासा देणारी असली, तरी तिच्यामुळे एक जुना प्रश्न बाजूला पडण्याची शक्यता आहे. बँक बुडत असताना तिच्या संचालक मंडळाच्या बैठका होत होत्या, कार्यवृत्ते लिहिली जात होती आणि त्यावर सह्याही होत होत्या. मग त्या सह्या करणाऱ्यांची जबाबदारी नेमकी कोणती, हा तो प्रश्न होय.

प्रकरणाचा तपशील पनवेलकरांना ठाऊक असला तरी त्याची थोडक्यात उजळणी आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार झालेल्या लेखापरीक्षणातून गैरव्यवहार उघडकीस आल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये नवी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने ७६ जणांविरुद्ध गुन्हा नोंदविला. जून २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि खातेदाराला स्वतःच्या खात्यातून अवघे ५०० रुपये काढण्याची मुभा उरली. बँकेचे अध्यक्ष आणि पनवेलमधून तीन वेळा व उरणमधून एकदा निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे माजी आमदार विवेक पाटील यांना ईडीने जून २०२१ मध्ये अटक केली. १३ ऑगस्ट २०२१ रोजी कामकाज संपताच बँकेचा परवाना रद्द झाला. ६३ बनावट कर्जखात्यांच्या आडून सुमारे ५१२ कोटी रुपये काढण्यात आले, त्यातील पैसा पाटील यांनीच स्थापन केलेल्या कर्नाळा चॅरिटेबल ट्रस्ट व कर्नाळा स्पोर्ट्स अकादमी या संस्थांकडे वळविण्यात आला आणि हा प्रकार २००८ पासून चालू होता, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. हे आरोप आहेत आणि ते आरोप म्हणूनच वाचले पाहिजेत. दोष कोणाचा व किती, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे.

तरीही साधे गणित करण्यास हरकत नाही. ५१२ कोटींना ६३ ने भागले तर प्रत्येक खात्यामागे सरासरी आठ कोटींहून अधिक रक्कम येते. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने दिलेल्या माहितीप्रमाणे या बँकेच्या सुमारे ९५ टक्के ठेवीदारांची संपूर्ण ठेव पाच लाखांच्या विमा संरक्षणात बसत होती. म्हणजे बँक छोट्या माणसांची होती. अशा बँकेत आठ कोटींचे कर्ज ही नजरेतून सुटण्याजोगी बाब नव्हे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह अर्थात पीएमसी बँकेत २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात एचडीआयएल समूहाची कर्जे लपविण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखविली गेल्याचे समोर आले होते. तेथील संचालकांना ‘एवढ्या गर्दीत काय दिसणार’ असे म्हणण्यास निदान जागा होती. पनवेलमध्ये खाती ६३ होती. मोठ्या कर्जदारांची एक यादी, त्यापुढे तारण काय, हप्ता शेवटचा कधी आला आणि कर्जदाराला प्रत्यक्ष कोणी पाहिले, एवढे चार रकाने मागण्यासाठी सनदी लेखापाल असावे लागत नाही.

कायदा काय म्हणतो

सहकारी बँकेचा संचालक आणि कंपनीचा संचालक यांना बांधणारे कायदे वेगळे आहेत. पहिल्याला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० व बँकिंग नियमन कायदा लागू होतो, तर दुसऱ्याला कंपनी कायदा, २०१३. मात्र दोन्हींचा गाभा एकच आहे. सहकार कायद्याच्या कलम ७३ नुसार समितीने घेतलेल्या निर्णयांना आणि संस्थेच्या हिताला बाधक ठरणाऱ्या प्रत्येक कृतीला वा हलगर्जीला सदस्य एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. कलम ८८ अन्वये चौकशीनंतर नुकसानीची रक्कम त्यांच्याकडून वसूल करता येते. कंपनी कायद्याच्या कलम १६६ ने तर संचालकाची कर्तव्ये शब्दबद्धच केली आहेत. सद्भावनेने वागणे, वाजवी काळजी, कौशल्य व दक्षता बाळगणे, स्वतंत्र बुद्धीने निर्णय घेणे, स्वतःचे हित कंपनीच्या हिताच्या आड येऊ न देणे, ही ती कर्तव्ये. बारा महिन्यांत एकाही बैठकीला न फिरकणाऱ्या संचालकाचे पद, त्याने रजा घेतलेली असो वा नसो, आपोआप रिक्त होते.

‘मला काही माहीत नव्हते’ हा बचाव पूर्वी चालत असे. वेल्समधील कार्डिफ सेव्हिंग्ज बँकेचे अध्यक्षपद ब्यूटच्या मार्क्विसला वयाच्या अवघ्या सहाव्या महिन्यात वारशाने मिळाले. ३८ वर्षांत तो एकाच बैठकीला हजर राहिला आणि १८९२ मध्ये न्यायालयाने त्याला बँकेतील गैरव्यवहाराच्या जबाबदारीतून मोकळे केले. आपल्याकडे १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेंडोलकर खटल्यात वेगळी भूमिका घेतली. तोही एका बुडालेल्या बँकेचा, सुप्रीम बँकेचा, खटला होता. जी गोष्ट कारभार वरवर तपासणाऱ्यालाही दिसावी, तिच्याकडे डोळेझाक करणाऱ्या संचालकाला, अप्रामाणिकपणाचे विशिष्ट कृत्य सिद्ध झाले नाही तरी, जबाबदार धरता येते, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे आपल्या कायद्याने हा मुद्दा पन्नास वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे.

कायदा एवढा स्पष्ट असताना संचालक गप्प का बसतात, याचे उत्तर निवडणुकीत सापडते. रायगडमध्येच नव्हे, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी नागरी बँकेची निवडणूक ‘पॅनल’ची असते. पॅनल नेत्याचे, उमेदवारी नेत्याच्या शब्दाने, अनेकदा निवडही बिनविरोध. अशा संचालकाला अध्यक्षांपुढे कर्जाची फाइल उघडून प्रश्न विचारणे हा उद्धटपणा वाटतो आणि न विचारणे ही निष्ठा. त्यात आणखी एक विसंगती आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. नागरी बँकेत मत असते ते भागधारक सभासदाला. कर्ज घेताना ठरावीक टक्के रकमेचे भाग घ्यावे लागत असल्याने प्रत्येक कर्जदार सभासद होतो, मात्र केवळ ठेव ठेवणाऱ्या निवृत्त शिक्षकाला किंवा जमिनीच्या मोबदल्याची रक्कम ठेवणाऱ्या प्रकल्पग्रस्ताला मत असेलच असे नाही. ज्यांचा पैसा जोखमीवर असतो, त्यांचा आवाज मंडळ निवडताना सर्वांत क्षीण असतो.

संचालक, त्यांचे नातेवाईक व त्यांचे हितसंबंध असलेल्या संस्थांना नागरी बँकांनी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००३ पासूनच बंदी घातली आहे. कर्नाळा प्रकरणातील आरोप क्षणभर खरे धरले, तर बनावट नावांची गरज का भासली असावी हे या बंदीवरून कळते. सरळ मार्ग बंद होता. परंतु नियमाने दार बंद केले म्हणून काम संपत नाही. खिडकीपाशी कोणीतरी जागे असावे लागते आणि ते काम इतर संचालकांचे असते.

पनवेलमधील खासगी कंपन्या

हा विषय केवळ बँकांचा नाही. विमानतळ, रस्ते व नव्या वसाहतींमुळे पनवेल परिसरात बांधकाम, वाहतूक, गोदामे या व्यवसायांतील लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या वाढत आहेत. अशा कंपनीला किमान दोन संचालक लागतात, म्हणून पत्नीचे, भावाचे किंवा वडिलांचे नाव घातले जाते. पुढे सनदी लेखापाल कागद पाठवील तेथे सही करायची, एवढाच त्यांचा कंपनीशी संबंध उरतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने सलग तीन वर्षे वार्षिक विवरणे न भरणाऱ्या कंपन्यांच्या तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरविले, तेव्हा देशभरातील अनेकांना आपण संचालक असल्याची जाणीव बहुधा प्रथमच झाली असावी. ही अपात्रता पाच वर्षांची असते आणि या काळात दुसऱ्या कंपनीतही संचालकपद घेता येत नाही.

नामधारी संचालकाला स्वतःला वाचविण्याचे साधन कायद्यानेच दिलेले आहे, पण त्याचा वापर क्वचितच होतो. ते साधन म्हणजे कार्यवृत्त. कंपनी सचिवांच्या मानकानुसार बैठकीची सूचना व विषयपत्रिका सात दिवस आधी मिळावी, कार्यवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत यावा आणि त्यावर सात दिवसांत हरकत घेता यावी, अशी तरतूद आहे. एखाद्या ठरावाला विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवून घेण्याचा हक्क संचालकाला आहे. बैठकीनंतर चहा पिताना व्यक्त केलेल्या नाराजीची मात्र कोणत्याही न्यायालयात दखल घेतली जात नाही. ज्या विषयात स्वतःचे हित गुंतले आहे तो आल्यास ते जाहीर करून बाजूला होणे, तसेच व्यवस्थापकांना बाहेर ठेवून वर्षातून एकदा तरी लेखापरीक्षकांशी बोलणे, या सवयींना खर्च येत नाही. पनवेलच्या कोणत्याही पतसंस्थेत किंवा कंपनीत त्या उद्यापासून लावता येतील.

पीएमसी व कर्नाळा प्रकरणांनंतर नियमांत बदल झाले, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने १०० कोटी व त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी बँकांना तज्ज्ञांचे व्यवस्थापन मंडळ नेमण्यास सांगितले. २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांच्या कारभारावर तिला थेट अधिकार मिळाले, मंडळ बरखास्त करण्याचाही त्यात समावेश आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तिजोरीतील १२२ कोटींच्या अपहाराचे प्रकरण उघड झाले, तेव्हा हा अधिकार वापरण्यासही विलंब झाला नाही. मात्र व्यवस्थापन मंडळाची नेमणूक करते ते संचालक मंडळच. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे त्यांनीच लक्ष ठेवणारे निवडायचे, ही रचना कितपत टिकेल याविषयी शंका घेण्यास वाव आहे. त्यातच १ ऑगस्ट २०२५ पासून सहकारी बँकेच्या संचालकाची सलग कमाल मुदत आठवरून दहा वर्षांवर नेण्यात आली आहे. अनुभवी माणसे हातची जाऊ नयेत हा त्यामागील युक्तिवाद समजण्यासारखा असला, तरी रायगडच्या ठेवीदाराला तो पटणे कठीण आहे. शेजारच्या पेणमध्ये २०१० मध्ये अर्बन बँकेवर निर्बंध आले, तेव्हापासून या जिल्ह्याने ‘अनुभवी’ मंडळांचा पुरेसा अनुभव घेतला आहे.

पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण असल्याने कर्नाळा बँकेचे बहुसंख्य छोटे ठेवीदार वाचले. परंतु हे संरक्षण प्रत्येक ठेवीदारास एकदाच मिळते. दोनशे सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्ती निधी बँकेत असेल, तर विम्याच्या लेखी ती संपूर्ण संस्था हा एकच ठेवीदार. तिचे पन्नास लाख असोत वा एक कोटी, हमी पाच लाखांचीच. हा निधी एकाच बँकेत ठेवण्याचा ठराव संस्थेची व्यवस्थापन समिती करते. त्या समितीच्या सदस्यांनाही सहकार कायद्याचे तेच कलम ७३ लागू आहे.