छप्पर सुटते ते स्क्रूपाशी

कोकणातल्या नव्या घरांवर आणि पुण्या-मुंबईच्या आसपासच्या फार्महाऊसवर आता पफ पॅनेलची छपरे सर्रास दिसतात. वर-खाली अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा, मध्ये पॉलियुरेथेनचा फोम आणि हव्या त्या लांबीला कापून थेट साइटवर आलेला माल. दोन-तीन दिवसांत पाखे झाकून होते, खाली उकाडा जाणवत नाही, पावसाचा आवाजही कमी होतो. इको निवास संहितेने २०१८ साली छपरातून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे, प्रत्येक अंशाला १.२ वॅट अशी मर्यादा घातली. ५० मिमी जाडीचे चांगले पॅनेल तिच्या निम्म्याच्याही खाली राहते. माल चांगला आहे, याबद्दल वाद नाही.

आमची तक्रार आपल्या कामाच्या पद्धतीबद्दल आहे. पॅनेलची जाडी उष्णता पाहून ठरते, रंग घरमालक ठरवतो आणि पर्लिनचे अंतर फॅब्रिकेटर आपल्या सवयीने टाकतो. कारखान्याच्या शेडचे निदान रीतसर डिझाइन होते. घराचे छप्पर मात्र ‘हलकेच तर आहे’ म्हणून आकडेमोडीविना चढवले जाते.

हलके आहे, हीच तर अडचण आहे. मंगळुरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला साठेक किलो भरते. ५० मिमीचे पॅनेल जेमतेम दहा. आता वाऱ्याचा हिशेब पाहा. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर दिला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला जवळजवळ ११८ किलो होतो. वरून ओढ आणि आतून रेटा मिळून गुणांक दीड धरला, तर छप्पर वर उचलणारे बळ पावणेदोनशे किलोच्या आसपास जाते. वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांत ते आणखी वाढते. त्यापुढे दहा किलो स्ववजनाचा आधार तो किती? पर्लिन दीड मीटरवर असतील, तर मीटरभर रुंदीच्या पॅनेलमागे मधल्या पर्लिनवर अडीचशे किलोंहून जास्त ताण येतो, आणि तो पेलायला बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन स्क्रू असतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कौले आणि पत्रे कसे उडाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

बरे, स्क्रूवर येणारा ताण एकट्या वाऱ्याचा नसतो. मे महिन्याच्या दुपारी गडद रंगाचा वरचा पत्रा खालच्यापेक्षा सहज ४० अंशांनी जास्त तापतो. वरचा लांबतो, खालचा तेवढाच राहतो, आणि तीन मीटर लांबीचे पॅनेल मध्ये सुमारे ११ मिमी वर फुगू पाहते. मधल्या पर्लिनवरचा स्क्रू त्याला खाली धरून ठेवतो. त्या जागी वरच्या पत्र्यात दाब साठतो, फोम मऊ असल्याने पत्र्याला सुरकुती पडू शकते आणि स्क्रू रोज ओढला जातो. वळवाचे वादळ नेमके अशाच तापलेल्या दुपारनंतर येते. युरोपातल्या ईएन १४५०९ या मानकात तापमानातला हा फरक, पत्र्याची सुरकुती आणि फोमचे वर्षानुवर्षांच्या भाराखाली हळूहळू होणारे सरकणे, या तिन्हींचा हिशेब मांडला आहे. आपल्याकडचे आयएस १२४३६ फोमच्या गुणधर्मांपुरते आहे. पुढची जबाबदारी डिझायनरची.

साइटवर जरा वर चढून स्क्रूचे डोके नीट बघा. ड्रिल मशीन जोरात दाबलेले असेल, तर वॉशरभोवती पत्रा आत बसलेला दिसतो. खाली फोम चेपलेला असतो, त्या खळग्यात पाणी साचते आणि दोन पावसाळ्यांत रबराखाली गंज धरतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत साधा जस्ताचा मुलामा फार काळ टिकत नाही; तिथे स्टेनलेस स्टीलचाच स्क्रू हवा. एवढे करून पर्लिन जांभ्याच्या भिंतीत नुसती टेकवलेली असेल, तर पॅनेल पर्लिनसकट जाईल. स्क्रूपासून ट्रस, ट्रसपासून बीम, बीमपासून पाया अशी ओढीची साखळी कागदावर दिसली पाहिजे.

यात आता सौर पॅनेलची भर पडते आहे. २०२४ मध्ये सूर्यघर योजना आल्यापासून मागणी वाढली, आणि काही ठिकाणी त्यांचे ब्रॅकेट पफ पॅनेलच्या वरच्या पत्र्यालाच स्क्रूने बसवले जातात. वाऱ्याची सगळी ओढ मग अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर आणि त्याला चिकटलेल्या फोमवर येते. हे आमच्या मते सरळ चूक आहे. ब्रॅकेटचा आधार पर्लिनमध्येच असला पाहिजे.

म्हणून डिझायनर आणि ठेकेदार बांधवांना विनंती आहे. पॅनेल घेताना पुरवठादाराकडे खालून वर येणाऱ्या भाराचा स्पॅन तक्ता मागा. बहुतेक पत्रकांत फक्त वरून येणाऱ्या भाराचा असतो. स्क्रू पत्र्यातून आरपार निसटण्याची आणि पर्लिनमधून उपटण्याची, अशा दोन्ही चाचण्यांचे आकडे लेखी घ्या. नकाशावर कडा आणि कोपऱ्यांचे पट्टे वेगळे दाखवून तिथल्या स्क्रूंची संख्या लिहा. हे कागद मिळाल्याशिवाय छपराच्या ड्रॉइंगवर सही करू नका.