पानाचा फोटो काढून रोग कळतो, पण प्लॉट वाचतो का?

महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९' मंजूर केलं आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. त्याआधी १५ ऑगस्ट २०२४ ला केंद्र सरकारने 'राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली' सुरू केली होती. त्यात पिकाचा फोटो टाकला की एआय कीड-रोग ओळखायला मदत करतं. प्लँटिक्ससारखी खासगी ॲप्स तर बऱ्याच वर्षांपासून मराठीतही आहेत.

म्हणजे फोटो काढा, रोगाचं नाव मिळवा, औषध आणा. ऐकायला सोपं वाटतं. पण टोमॅटो, मिरची, काकडी अशा भाजीपाल्यात ही साखळी नेमकी कुठे तुटते, ते समजून घेऊया. तुमच्या घरी शेती असेल तर हा थेट पैशांचा प्रश्न आहे.

९९ टक्के अचूक, पण कुठे?

फोटोवरून रोग ओळखणारं मॉडेल हजारो फोटो बघून शिकतं. या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला डेटासेट म्हणजे 'प्लँटव्हिलेज'. २०१६ मध्ये संशोधकांनी त्यातले ५४,३०६ फोटो वापरून मॉडेल तयार केलं. १४ पिकं, २६ रोग आणि अचूकता ९९.३५ टक्के! पुढे अनेक बातम्यांत आणि कॉलेज प्रोजेक्टमध्ये हाच आकडा फिरला.

पण त्याच पेपरमध्ये आणखी एक आकडा आहे. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता घसरून ३१ टक्क्यांच्या आसपास आली. कारण काय? डेटासेटमधले फोटो एकेक पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले होते. शेतात मात्र पानावर पान असतं, वर ऊन-सावली, धूळ, आधीच्या फवारणीचे पांढरे डाग.

२०२२ मध्ये एका संशोधकाने याची गंमतच दाखवून दिली. पानाकडे न बघता, फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल मॉडेलला दिले, तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली! नुसता अंदाज मारला असता तर ३ टक्केही आली नसती. म्हणजे मॉडेल काही अंशी रोग नाही, तर फोटो कुठे आणि कसा काढला तेच शिकत होतं.

आजची ॲप्स शेतातले फोटोही वापरतात, त्यामुळे परिस्थिती सुधारली आहे. तरी कुठलंही ॲप '९५ टक्के अचूक' म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: ही परीक्षा कुणाच्या शेतातल्या फोटोंवर घेतली?

डाग दिसला म्हणजे उशीर झाला

समजा, ॲप एकदम बरोबर आहे. तरी एक अडचण उरतेच. फोटो डाग दिसल्यावरच काढता येतो.

टोमॅटोवरचा उशिरा येणारा करपा घ्या. पान बराच वेळ ओलं राहिलं की त्यावरचे बीजाणू रुजतात आणि आत शिरतात. डाग दिसायला त्यानंतर साधारण ३ ते ७ दिवस लागतात. तोपर्यंत पान वरून हिरवंगार दिसतं. मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य बुरशीनाशक पानावर बीजाणू रुजायच्या आधी असेल तरच काम करतं. आत शिरलेल्या रोगावर ते चालत नाही. मग महागडी आंतरप्रवाही औषधं घ्यावी लागतात, तीही अर्धवट उपयोगाची.

व्हायरस असेल तर गोष्ट आणखी अवघड. मे २०२० मध्ये नारायणगाव, संगमनेर, अकोले भागात टोमॅटोची फळं रंगीबेरंगी, डागाळलेली निघू लागली. शेतकरी त्याला 'तिरंगा' म्हणू लागले. कोरोनाचा काळ होता, त्यामुळे हा व्हायरस माणसांनाही होतो अशी अफवा पसरली. ती खोटी होती, वनस्पतींचे व्हायरस माणसाला होत नाहीत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत कुकुंबर मोझॅक व्हायरस सापडला.

या व्हायरसवर औषधच नाही. तो माव्यामुळे पसरतो आणि माव्याला तो झाडात सोडायला काही सेकंद पुरतात. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. इथे ॲपने अचूक नाव सांगितलं तरी त्या झाडाला वाचवता येत नाही. फायदा एवढाच की निरुपयोगी फवारणीचा खर्च वाचतो. पण ॲपने चुकून त्याला बुरशी म्हटलं, तर शेतकरी एकामागून एक बुरशीनाशकं मारत राहतो आणि रोग पसरत राहतो.

मग सॉफ्टवेअरचं खरं काम काय?

अंदाज देणं! आणि त्यासाठी भारी एआयच लागतं असं नाही. ब्रिटनमध्ये बटाट्यावरच्या याच करप्यासाठी २०१७ पासून 'हटन निकष' वापरतात. सलग दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या खाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी किमान ६ तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त राहिली, की धोक्याचा इशारा. कोडिंग शिकणारा मुलगाही दहा-पंधरा ओळींत हे लिहील.

पण हाच कोड पुणे-नाशिक पट्ट्यात जुलैत चालवला तर? आपल्याकडे पावसाळ्यात रात्रीचं तापमान १० अंशांच्या खूप वर असतं आणि आर्द्रताही जास्तच. ॲप जवळपास रोज 'धोका' म्हणेल आणि चार दिवसांत शेतकरी नोटिफिकेशन बंद करेल. ब्रिटनमध्येही १९५६ पासूनचा जुना नियम ६ ऐवजी ११ तास मागायचा. तो सगळ्या भागांत सारखा चालत नाही हे दिसल्यावर नवा आणला. म्हणजे नियम त्या-त्या भागात तपासावा लागतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बटाट्यासाठी भारतीय मॉडेल बनवलं आहे, ते याच कारणाने.

हवामानाचा डेटा आपल्याकडे आहे. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत २००० हून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. पण केंद्र उघड्यावर असतं, आणि तार-बांबूवर बांधलेल्या दाट प्लॉटमध्ये पान सकाळी उशिरापर्यंत ओलं राहतं. हा फरक मोजायला प्लॉटमध्ये पानाचा ओलावा मोजणारा सेन्सर लागतो, आणि रोग खरंच कधी आला याची तालुकावार नोंद लागते. ही नोंद नसेल तर कुठलंही मॉडेल तपासता येणार नाही. माझ्या मते ५०० कोटींतला मोठा वाटा आणखी एका चॅटबॉटऐवजी या कंटाळवाण्या नोंदींवर जायला हवा.

तोपर्यंत हातातल्या फोनचं काय करायचं?

- आठवड्यातून दोनदा प्लॉटमध्ये नागमोडी फिरा. ठरलेल्या दहा ठिकाणी पानाची खालची बाजू बघा. किती झाडांवर डाग आहेत, ते तारखेसह फोनमध्ये लिहा. वाढणारा आकडा एका फोटोपेक्षा जास्त सांगतो.
- एकाच पानाचा फोटो नको. पानाची वरची बाजू, खालची बाजू, पूर्ण झाड आणि फळ असे चार फोटो काढा.
- ॲपचं उत्तर हा पहिला अंदाज समजा. फवारणीआधी कृषी विज्ञान केंद्राला किंवा किसान कॉल सेंटरला (१८००-१८०-१५५१) विचारा.
- दुकानातून बाटली आणली की ब्रँडऐवजी घटकाचं नाव वाचा. दोन वेगळ्या नावांत बऱ्याचदा एकच औषध असतं. तेच तेच मारलं की बुरशी त्याला सरावते.
- फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, ते लेबलवर लिहिलेलं असतं. ते पाळा. तो टोमॅटो कुणाच्या तरी ताटात जाणार आहे.

ॲप डिलीट करा असं मी म्हणत नाही. फोटो ॲप 'काय झालं' ते सांगतं. भाजीपाल्यात पैसे वाचतात ते 'काय होणार आहे' हे दोन दिवस आधी कळल्यावर. पुढच्या वेळी शेतीच्या एआयची नवी घोषणा वाचाल, तेव्हा ती या दोनपैकी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते, ते आधी बघा.