हॅटपिन आणि लाटणे

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या मराठी मुलींना एमा मिलर माहीत असायला हवी. शिवणकाम करणारी ही कामगार नेता १९१२च्या सार्वत्रिक संपात, सत्तरी ओलांडल्यावर, ब्रिस्बेनमध्ये महिलांचा मोर्चा घेऊन निघाली. पोलीस आयुक्तांच्या घोड्याला तिने हॅटपिन टोचल्याचे सांगतात.

साठ वर्षांनी मुंबईत समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध एकत्र आल्या. हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, रॉकेल हेच त्यांचे राजकारण होते.

असे लढे लक्षात राहतात ते लिहिले गेल्यामुळे. कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये वारली आदिवासींचा लढा लिहून ठेवला, म्हणून तो आज वाचता येतो. परदेशातल्या महिला दिनाला अशा पुस्तकांचे वाचन व्हावे. आणि लाटणी घेतलेल्या त्या गृहिणींप्रमाणे पाळणाघराचा खर्च, घरभाडे, पगार यांवर बायकांनी स्थानिक उमेदवारांना थेट जाब विचारावा.