बैलाची दुरुस्ती

"अत्ती, बैला तिद्दुपडी आगबेकु," असं सूनबाई म्हणाली आणि माझ्या डोळ्यांसमोर आधी बैलच उभा राहिला! बाय-लॉचं कानडीत 'बैला' झालंय आणि तिद्दुपडी म्हणजे दुरुस्ती, हे तुम्हा दुभाषी घरांना सांगायला नकोच.

विषय आमच्या महिला मंडळाचा. सूनबाईचं माहेर धारवाडचं, कानडी. गेली सहा वर्षं मंडळाचा जमाखर्च तीच लिहिते, संक्रांतीचं वाण तीच मोजून आणते. पण ती सभासद नाही. 'मराठी मातृभाषा असलेली स्त्री' हीच सभासद, असं नियमावलीचं पाचवं कलम. मतदान सुरू झालं की ही आपली चहा टाकायला उठते. मला ते खुपायचं. पण 'घटनेतच आहे' म्हटलं की सगळ्यांची तोंडं बंद.

शेवटी कपाटातली फाईल काढून ती घटना एकदाची वाचली. (कार्यवाह होऊन मला नऊ वर्षं झाली होती, हे इथे कबूल करते.) निघाले दोन कागद. एक उद्देशपत्रिका : संस्थेचं नाव आणि ती कशासाठी काढली ते. दुसरी नियमावली : सभासद कोण, वर्गणी किती, सभा कशी बोलवायची. मंडळाची नोंदणी 1958 ची. बेळगाव तेव्हा म्हैसूर राज्यात येऊन दोनच वर्षं झाली होती आणि राज्याचा 1960 चा संस्था नोंदणी कायदा अजून यायचा होता. त्यामुळे कुणा वकिलाने 1860 च्या जुन्या कायद्यातली रीत जशीच्या तशी उतरवलेली. दुरुस्तीचा मसुदा दहा दिवस आधी प्रत्येकीच्या हाती द्यायचा, विशेष सभेत एकूण सभासदांच्या तीन पंचमांश मतं मिळवायची आणि महिन्याने पुन्हा सभा घेऊन हजर असलेल्यांच्या तीन पंचमांश मतांनी ती कायम करायची.

घोडं अडलं ते 'एकूण' या शब्दावर. यादीत 118 नावं, म्हणजे 71 मतं हवीत. इतक्या बायका तर आमच्या कोजागरीलाही जमत नाहीत. मग एकेक नाव तपासायला बसले. 41 जणी देवाघरी गेलेल्या, पण यादीत हयात! तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर मत नाही आणि सभासदांत गणतीही नाही, असंही जुन्या कायद्यात आणि आमच्या नियमावलीत होतं. त्यात 14 गेल्या. उरल्या 63. आता 38 मतं पुरेशी.

खरा विरोध एका वडीलधाऱ्या काकूंचा. "आज कलम काढाल, उद्या पाटी बदलाल," त्या म्हणाल्या. मी हसले नाही. सीमाभागात ज्यांनी 1956 पाहिलंय त्यांची ही भीती फुकाची नव्हे. त्यांच्यापुढे दोन्ही कागद ठेवले. 'मराठी भाषा व संस्कृतीचे संवर्धन' हे उद्देशपत्रिकेत आहे, त्याला आम्ही बोटही लावत नाही. बदलायचं ते फक्त नियमावलीतलं कलम : 'मातृभाषा असलेली'ऐवजी 'मंडळाचे उद्देश मान्य असलेली'. काकूंनी चष्मा पुसून दोन्ही वाचलं. "कामकाज मराठीतच चालेल, हेही त्यात घाला," म्हणाल्या. घातलं. सूनबाईनेच सुवाच्य अक्षरात लिहिलं.

पहिल्या सभेला 47 जणी आल्या, 41 बाजूने. महिन्याने 39 आल्या, 33 बाजूने. काकूंनी दोन्ही वेळा हात वर केला नाही. पण आल्या दोन्ही वेळा. ठरावाची प्रत निबंधकांकडे दाखल केली, सोबत कानडी भाषांतर. तेही सूनबाईचंच.

एक सांगायचं राहिलं. ज्या 41 नावांवर मी लाल रेघ मारली, त्यांत सातवं नाव माझ्या सासूबाईंचं होतं. संस्थापक सभासद. मला या मंडळात त्यांनीच हाताला धरून आणलं. पट्टी ठेवून रेघ मारली, तरी ती थोडी वाकडीच गेली. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आता सूनबाईची सही आहे, मराठीत. आडनावातला 'ळ' मात्र तिने कानडी वळणाचा काढलाय.