चौघांचा डाव

मोबाइलवर बंदुका चालवणाऱ्या पोरांचा विषय निघाला की आपल्या भागात पहिली आठवण निघते ती हिंगोलीची. मार्च २०१९मध्ये तिथे रेल्वे रुळाजवळ पबजी खेळण्यात दंग असलेले दोन तरुण गाडीखाली आले. १ मे १९९९पर्यंत हिंगोली आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, त्यामुळे ती बातमी परक्या गावची वाटली नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत तेव्हा मोबाइल कपाटात गेले. ती भीती खरी होती, आजही आहे. पण त्या बातमीतली एक गोष्ट मला पुढं बरेच दिवस सतावत राहिली. ते दोघं होते. सोबत खेळत होते.

हा खेळ पोरांना एकलकोंडं करतो, असं आपण धरून चाललोय. तो कसा खेळतात हे पाहिलं तर वेगळंच दिसतं. मैदानात शंभर जण उतरतात, पण बहुतेकदा एकेकटे नव्हे, चौघाचौघांचे स्क्वॉड करून. गोळी लागून कोसळलेला खेळाडू लगेच मरत नाही, तो 'नॉक' होतो. गुडघ्यांवर रांगतो आणि माइकवर ओरडतो, "रिव्हाइव्ह दे!" मग एका साथीदारानं आपली आडोशाची जागा सोडून त्याच्यापर्यंत पोचायचं आणि साधारण दहा सेकंद त्याच्याजवळ बसून राहायचं. त्या वेळात उठवणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही. बाकीचे दोघं धुराचा गोळा टाकून आडोसा करतात, गोळीबार करून शत्रूला रोखतात. कोण धावत आला आणि कोण लपून राहिला, हे पोरं विसरत नाहीत. नेम चांगला असलेल्यापेक्षा उचलायला येणाऱ्या पोराला स्क्वॉडमध्ये जास्त मान असतो, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

आणि हे चौघं असतात कोण? बहुतेकदा एकाच शाळेतले. जिंतूर, सेलू, पूर्णा, पाथरी, कुठलाही तालुका घ्या. बारावी झाली की पोरं पांगतात. एक चाकणच्या कंपनीत लागतो, दुसरा संभाजीनगरला भरतीच्या तयारीला जातो, एखादा गावातच वावर सांभाळतो. गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्यातलं एखादं पोर कारखान्याच्या तळावरच्या कोपीतून, रेंज मिळेल तशी, डावात येतं. डाव सुरू व्हायच्या आधी जे बोलणं होतं ते ऐकावं. पगार झाला का, सोयाबीनला काय भाव लागला, कुणाचं लग्न जमलं, बापाचं दुखणं कसं आहे. असलं बोलायला मुद्दाम फोन करणं या वयातल्या मुलांना जमत नाही. खेळाच्या निमित्तानं ते आपसूक होतं.

घरात भांडण पेटतं ते जेवणाच्या हाकेवर. हा डाव मध्येच थांबवता येत नाही, कारण तो एकट्याचा नसतो. एक जण उठला की तिघं उघडे पडतात. आईला वाटतं, लेकरू ऐकत नाही; लेकराला वाटतं, सोबत्यांना दगा दिला. गल्लीत कबड्डी चालू असताना अंगण सोडून पळणाऱ्या पोराला आपणही कधी चांगलं म्हटलं नव्हतं. डाव साधारण अर्ध्या तासात संपतो. "किती वेळ राहिलाय?" एवढं विचारून तेवढं थांबावं, आणि त्यानंतर मात्र पुढचा डाव लावू देऊ नये.

बंदीनं हे प्रश्न सुटत नाहीत, तेही आपण पाहिलंय. २०१८मध्ये आलेल्या पबजीवर केंद्र सरकारनं २ सप्टेंबर २०२०ला बंदी घातली. पोरं फ्री फायर या तशाच खेळाकडे गेली. जुलै २०२१मध्ये पबजीच बीजीएमआय या नावानं परत आलं. २०२२च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर बंदी आली, जुलैत बीजीएमआयही काढून टाकलं गेलं, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात ते पुन्हा सुरू झालं. खेळ बदलत गेले, चौघं तेच राहिले.

पण या दोस्तीला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. ओळखीचे चौघं जमले नाहीत की अनोळखी खेळाडू घेतात, त्यांना 'रँडम' म्हणतात. एरवी मोठ्या माणसांपुढं मान खाली घालणारी पोरं या रँडमवर आईबहिणीवरून तोंड सोडतात. जात, धर्म, भाषा, काहीच सुटत नाही. आणि माइकवर मुलीचा आवाज आला तर विचारूच नका. म्हणून मुली माइक बंद ठेवतात, मुलाचं नाव घेऊन खेळतात, नाहीतर खेळणंच सोडतात. शिवी देणाऱ्या एकाइतकाच मला राग येतो तो गप्प बसणाऱ्या बाकीच्या दोघांचा. नॉक झालेल्या मित्रासाठी जे गोळ्यांत धावत जातात, त्यांना एवढ्या वेळी तोंड उघडता येऊ नये?

आईबापांना माझी विनंती आहे : एका संध्याकाळी पोराच्या शेजारी बसा, इअरफोन काढायला लावा आणि पलीकडं कोण आहे, काय बोलतंय ते ऐका. रस्ता, रूळ, गच्चीचा कठडा इथं मोबाइल हातात धरायचा नाही, यात मात्र तडजोड करू नका. आणि पोरांनो, तुमच्या चौघांतला कुणी माइकवर मुलीला घाण बोलला तर त्याला तिथंच अडवा. ऐकत नसेल तर पुढच्या डावाला त्याला घेऊ नका.